शिंगांचा रंग आणि गाडीची चाल

मोटारीच्या संदर्भात ‘स्पोर्टी’ हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि त्या दोन्ही एकाच गाडीत असतीलच याची खात्री नसते. पहिली गोष्ट रूपाची आहे: मागे उतरत गेलेले छप्पर, मोठी चाके, काळी जाळी, मागच्या काचेच्या वर बसवलेला स्पॉयलर, आसनांना लाल दोऱ्याची शिलाई. दुसरी गोष्ट चालीची आहे: पाय दाबताच गाडी किती लवकर वेग घेते, वळणावर किती स्थिर राहते, आणि समोर अचानक बैलगाडी आली तर किती अंतरात थांबते. महागड्या गाड्यांत या दोन्ही गोष्टींसाठी पैसा मोजलेला असतो. पाच ते दहा लाख रुपयांच्या गाडीत मात्र एकीवर केलेला खर्च बहुधा दुसरीतून कापावा लागतो, आणि कापताना कारखानदार कोणत्या बाजूने कात्री चालवतो यावर त्या गाडीचे खरे मोल ठरते.

प्रस्तुत लेखकाचा या प्रश्नाशी संबंध गॅरेजच्या खड्ड्यातून आला. नायगाव हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव नांदेडपासून सुमारे ५० किलोमीटरवर, नरसी आणि देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. येथे नवी स्पोर्टी गाडी क्वचितच येते. येते ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातली, पुण्याहून किंवा हैदराबादहून, कधी ‘एमएच १२’च्या पाटीनिशी तर कधी पाटी बदलून ‘एमएच २६’ झालेली. पहिल्या मालकाने तिच्या रूपासाठी पैसे मोजलेले असतात आणि दुसऱ्याने तिच्या नावासाठी. तिसरा मालक ती नायगावला आणतो तेव्हा स्टिकर उडालेले असतात, लाल शिलाई काळवंडलेली असते, आणि चालीचे जे काही शिल्लक असेल तेवढेच त्याच्या वाट्याला येते. खड्ड्यात उतरून वर पाहणाऱ्या मिस्त्रीला गाडीचा चेहरा दिसत नाही. त्याला चेंबर, लोअर आर्म, बुश, शॉकअप आणि सायलेन्सरची नळी दिसते, आणि कारखान्याने पैसा कोठे घातला होता हे तेथे लपवता येत नाही.

या भागातल्या शेतकऱ्याला रूप आणि चाल यांतला फरक नव्याने शिकवावा लागत नाही. शेजारच्या कंधार तालुक्याने लाल कंधारी या बैलाला नाव दिले आहे, आणि लातूर जिल्ह्यातल्या देवणीने देवणी जातीला. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत जनावर घेणारा माणूस आधी दात पाहतो, मग खूर, मग खांदा, आणि शेवटी बैलाला चालवून पाहतो. पोळ्याला शिंगांना लावलेला रंग आणि बेगड पाहून त्याचेही मन प्रसन्न होते, परंतु रंगासाठी तो हजार रुपये जास्त देत नाही. याच माणसाचा मुलगा जुनी गाडी घ्यायला जातो तेव्हा अलॉय व्हील आणि आवाज पाहून सौदा ठरवतो. याचे कारण मुलाची समज कमी आहे असे नव्हे. बैलाचे दात कोठे पाहायचे हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. गाडीचे दात कोठे असतात हे त्याला कोणी दाखवलेच नाही.

चाल मोजण्याचे सर्वांत साधे माप म्हणजे ताकद आणि वजन यांचे प्रमाण, अर्थात गाडीच्या दर टनामागे इंजिनाची अश्वशक्ती किती पडते तो आकडा. नेहमीची पेट्रोल टियागो सुमारे १,००० किलोची आणि ८५ अश्वशक्तीची, म्हणजे टनामागे साधारण ८५. टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जबरोबर भागीदारी करून ऑक्टोबर २०१८मध्ये टियागो जेटीपी बाजारात आणली. तिचे इंजिनही १.२ लिटरचे आणि तीन सिलिंडरचेच होते, परंतु त्याला टर्बो जोडलेला होता. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येते. त्यामुळे शक्ती ११४वर गेली, तर टॉर्क, म्हणजे चाकाच्या दांड्याला पीळ देणारा जोर, ११४वरून १५० न्यूटन मीटरवर गेला. गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग सुमारे १० सेकंदांत घेत असे, आणि तिची शोरूम किंमत ६ लाख ३९ हजारांपासून सुरू होत होती. एवढ्या पैशात एवढी चाल देणारी गाडी भारतात फार वेळा झालेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. २०२०मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि ती बंद पडली.

टर्बोचा लाभ मराठवाड्यात इतर ठिकाणांपेक्षा थोडा जास्तच जाणवतो, त्याचे कारण हवेत आहे. मे महिन्यात नायगावात पारा ४३ अंशांवर जातो तेव्हा हवा २५ अंशांच्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी विरळ झालेली असते, आणि साध्या इंजिनाच्या छातीत तेवढी हवा कमी भरते. चारजण बसलेली, एसी लावलेली छोटी गाडी कुंटूरच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडू पाहते, तेव्हा ही तूट चालवणाऱ्याच्या पायाला कळते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर लांब असतो, समोरून एसटी येत असते, आणि ताशी ४०वरून ८०वर जायला गाडीला लागणारी दोन-तीन जास्तीची सेकंदे हाच काय तो जगण्या-मरण्यातला फरक असतो. चालीचा खरा उपयोग शर्यतीत नसून येथे आहे. म्हणून ‘आम्हाला कशाला पिकअप पाहिजे, आम्हाला काय रेस लावायची आहे का’ हे वाक्य या लेखकाला कधीच पटलेले नाही.

मग अशा गाड्या टिकल्या का नाहीत? त्याचे एक उत्तर करआकारणीत सापडते. २००६च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास १,२०० घन सेंटीमीटरपर्यंतचे इंजिन असलेल्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली; २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा हीच मोजपट्टी कायम राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून या छोट्या गाड्यांवर १८ टक्के तर मोठ्यांवर ४० टक्के कर अशी विभागणी झाली. म्हणजे भारतातली परवडणारी स्पोर्टी गाडी कशी असावी हे रेखाटनकारापेक्षा कायद्यानेच आधी ठरवून टाकले. शेपूट आखूड, इंजिन १.२ लिटरच्या आत, आणि ताकद हवी असेल तर टर्बो. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून ऑक्टोबर २०१५मध्ये बाहेर पडलेल्या अबार्थ पुंटोने हा नियम पाळला नाही. ती लांबीने चार मीटरच्या आत होती, परंतु तिचे टर्बो इंजिन १,३६८ घन सेंटीमीटरचे, १४५ अश्वशक्तीचे होते, त्यामुळे सवलत गेली. तरीही ती ९ लाख ९५ हजारांना मिळत होती, तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, आणि दारावरचे लाल पट्टे व विंचवाचे चिन्ह यांच्यामागे खरोखर काहीतरी होते.

महाराष्ट्राच्या मातीत अशा प्रामाणिक गाड्या आणखीही घडल्या. मुंबईच्या कुर्ला कारखान्यात २००१पासून बनलेल्या फियाट पालिओच्या १.६ लिटरच्या अवताराला सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन होते. तिची जाहिरात सचिन तेंडुलकर करत असे, आणि तिचे सस्पेन्शन खराब रस्त्यावरही चाक जमिनीला धरून ठेवत असे. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३मध्ये आली. तिचे १.२ लिटरचे टर्बो इंजिन १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन मीटर देत असे, आणि बाहेरून पाहिले तर नेहमीच्या पोलोत आणि तिच्यात एका छोट्या बिल्ल्याशिवाय आणि काळ्या स्पॉयलरशिवाय फारसा फरक दिसत नसे. कारखान्याने पैसा आत घातला आणि बाहेरचा मोह आवरला, असे हे दुर्मीळ उदाहरण होते. पोलोचे उत्पादन २०२२मध्ये थांबले.

या गाड्यांचे कौतुक करताना गॅरेजमधला दुसरा अनुभव लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चाल देणारे यंत्र नाजूक असते असे म्हणता येणार नाही, पण ते निष्काळजीपणा सहन करत नाही. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि इंजिन ऑईलच्या पातळ थरावर तरंगत राहतो. त्यामुळे ऑईल बदलायला उशीर झाला, किंवा महामार्गावरून सुसाट आलेली गाडी ढाब्यावर थांबताच चावी फिरवून बंद केली, तर गरम पंख्यावरचे ऑईल जळून त्याचे कोळशासारखे थर बसतात. पोलोच्या सात गिअरच्या आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच आणि त्यांना चालवणारी संगणकीय पेटी होती. ती बिघडली की नायगावातल्या कोणत्याही मिस्त्रीला हात लावता येत नसे, गाडी नांदेडला आणि बहुधा तेथूनही पुढे न्यावी लागे, आणि होणारा खर्च तिसऱ्या मालकाने गाडीसाठी मोजलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत पोचत असे. फियाटचा तर बाजारच आटला. आज पुंटोचा एखादा भाग मिळवायचा म्हणजे भंगाराच्या बाजारात ओळख असावी लागते. म्हणून मोलाचा हिशेब मांडताना किंमत आणि अश्वशक्ती यांच्या जोडीला तिसरा आकडा धरावा लागतो, तो म्हणजे गाडी दुरुस्त करू शकणारा माणूस आणि तिचा सुटा भाग यांचे घरापासूनचे अंतर. शहरातल्या समीक्षकांच्या हिशेबात हा आकडा येत नाही, कारण त्यांच्यासाठी तो जवळजवळ शून्य असतो.

रूपाच्या बाजूने टोकाला गेलेली उदाहरणेही जवळचीच आहेत. गोव्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस तयार होऊ लागलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची, उघड्या छताची, फायबरच्या बॉडीची छोटी गाडी फ्रेंच रेखाटनकारांनी आखली होती आणि तिच्यात रेनॉचे सुमारे ६० अश्वशक्तीचे १.२ लिटरचे इंजिन होते. ती दिसायला गोड होती. परंतु उघड्या छताची, दोनच माणसांची गाडी रोजच्या कामाची नसते, आणि जी रोजच्या कामाची नाही तिच्याकडून निदान चालीची अपेक्षा केली जाते. ती अपेक्षा ६० अश्वशक्तीत पुरी होण्यासारखी नव्हती. दिलीप छाब्रिया यांची अवंती २०१२च्या दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात झळकली तेव्हा तिच्या रूपाने देशाचे लक्ष वेधले, पण ती परवडणाऱ्या गाड्यांच्या पंक्तीत कधीच नव्हती. तिच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरे नुकसान होते ते कारखान्याबाहेर, साध्या गाडीला स्पोर्टी रूप चढवताना. नायगाव, नरसी, मुखेड या टापूतली तरुण मुले साठवलेल्या पैशातून सर्वांत आधी चाके बदलतात. १७५/६५ आर १४ या मापाचा टायर म्हणजे १७५ मिलिमीटर रुंदीचा, रुंदीच्या ६५ टक्के उंचीची भिंत असलेला आणि १४ इंची रिमवर बसणारा टायर. त्याची बाजूची भिंत सुमारे ११४ मिलिमीटर उंच असते. त्याऐवजी १९५/४५ आर १६ बसवला तर चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते, पण भिंत ८८ मिलिमीटरवर येते. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली रबर व हवेची गादी एक इंचाने कमी होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो आणि कडेला तुटतो; मांजरम किंवा बरबड्याकडून परतणाऱ्या अशा गाड्यांच्या रिमला बाक आलेला, टायरच्या भिंतीला फुगा आलेला, आणि लोअर आर्मचे बुश वर्षभरात सुटलेले प्रस्तुत लेखकाने इतक्या वेळा पाहिले आहेत की चाकाचे माप पाहूनच पुढचे बिल सांगता येते. शिवाय मोठे अलॉय बहुधा जडही असते, आणि फिरणाऱ्या चाकातले वजन वाढले की ते फिरवायला व थांबवायला जास्त जोर लागतो. चाल वाढावी म्हणून बसवलेले चाक गाडीची चाल कमी करते, हे त्या मुलाला सांगताना खरोखर वाईट वाटते, कारण त्याने त्यासाठी सोयाबीनच्या हंगामाचे पैसे घातलेले असतात.

दुसरा प्रकार स्प्रिंग कापण्याचा. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून स्प्रिंगचा एक-दीड वेढा गॅस कटरने उडवला जातो. स्प्रिंगचे वेढे कमी झाले की ती ताठ होते, शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगसाठी बनलेला असतो, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरून परत येताना त्याच्यावर ताबा राहत नाही; कटरच्या उष्णतेने पोलादाचा कस जातो तो वेगळाच. टियागो जेटीपीची उंची तिच्या कारखान्याने जेमतेम ४ मिलिमीटरने कमी केली होती, आणि तेवढ्यासाठीही स्प्रिंग व शॉकअप दोन्ही बदलले होते. ही तुलना प्रस्तुत लेखक नेहमी देत आला आहे. एका पावसाळ्यात अशी दोन इंच खाली बसवलेली गाडी गावाच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर घासून तिचा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑईलची टाकी, फुटला; लाल दिवा लागूनही चालवणाऱ्या मुलाने गाडी चार किलोमीटर आणली आणि इंजिन जाम झाले. ती ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात आली तेव्हा तिच्या बॉनेटवरचे पांढरे पट्टे अगदी नवे होते. ज्या दुकानाने स्प्रिंग कापून दिली त्याने पावतीही दिलेली नव्हती. त्या मुलाच्या वडिलांनी एकही शब्द न बोलता अर्धे पैसे आगाऊ मोजले, आणि ते दृश्य या लेखकाच्या मनातून आजही गेलेले नाही.

स्पॉयलरविषयी थोडक्यात सांगता येईल. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी १६० किलोमीटरला जो परिणाम मिळतो त्याचा चौथाच हिस्सा ८०ला मिळतो. शिवाय परवडणाऱ्या जवळजवळ सर्व गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जातो, आणि मागच्या टोकावरचा पंख दाब देतो तो मागच्या चाकांना. कारखान्याने बसवलेला छपराच्या रेषेतला छोटा स्पॉयलर मागे घुटमळणारी हवा थोडी नीट करतो, तो निरुपद्रवी आहे. डिकीला भोके पाडून स्क्रूने बसवलेला मात्र दोन पावसाळ्यांत गंज आणतो. या सगळ्याला कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांत बदल होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब ठामपणे मांडली. अपघातानंतर विम्याचा दावा करताना हे कलम किती महागात पडू शकते, याची कल्पना बहुतेकांना तोवर नसते.

इतके लिहिल्यानंतरही रूपाला तुच्छ लेखणे या लेखकाला मान्य नाही. नायगावसारख्या गावात गाडी ही अनेकदा घराण्यातली पहिली गाडी असते. ती वाड्यासमोर उभी राहते, लग्नाच्या वरातीत पुढे चालते, आणि तिच्याकडे पाहून वाटणारा अभिमान हाही तिच्या किमतीतून मिळालेलाच लाभ आहे. शिंगे रंगवणाऱ्या शेतकऱ्याला बैल कळत नाही असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो रूपाने चालीचे खोटे आश्वासन देण्यावर. नेहमीच्याच इंजिनावर लाल पट्टे आणि काळे छप्पर चढवून ‘स्पोर्ट’ नावाची आवृत्ती तीस-चाळीस हजार जास्त घेऊन विकली जाते, तेव्हा ती विकत घेणारा मुलगा तिच्यावर विश्वास ठेवतो. ओव्हरटेक करताना त्याला वाटते की गाडी निघून जाईल, आणि ती निघत नाही. जून २०२४मध्ये ९ लाख ४९ हजारांपासून आलेल्या अल्ट्रोझ रेसरच्या बॉनेटवर पट्टे होते, पण पट्ट्यांखाली १२० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आणि सहा गिअर होते. असे पट्टे मारायला हरकत नाही.

ज्याच्याजवळ पैसा मोजका आहे आणि साध्या गाडीतून चांगली चाल काढायची आहे, त्याला देण्यासारखा सल्ला प्रस्तुत लेखकाजवळ आहे, आणि तो बहुतेकांना निरस वाटतो. ताशी ८०वरून १००वर गेले की थांबवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते, म्हणून पहिला पैसा ब्रेकचे पॅड, डिस्क आणि दर दोन वर्षांनी बदलायच्या ब्रेक ऑईलवर जावा. दुसरा कंपनीच्याच मापाच्या चांगल्या टायरवर. तिसरा शॉकअप, बुश आणि व्हील अलाइनमेंटवर. या तिन्हींचा खर्च अलॉयच्या एका संचाएवढाच होतो. त्यानंतर आठ वर्षांची जुनी गाडीदेखील वळणावर अशी बसते की मालक परत येऊन विचारतो, इंजिनात काय केले? इंजिनाला हातही लावलेला नसतो.

जुनी स्पोर्टी गाडी घेण्यापूर्वी ती धुऊन पुसून उभी असेल तेव्हा पाहू नये. ओळखीच्या मिस्त्रीच्या खड्ड्यावर न्यावी, चेंबरला वेल्डिंगचा डाग आहे का, स्प्रिंगचा शेवटचा वेढा कापलेला आहे का, शॉकअपवर ऑईल उतरले आहे का, हे बॅटरी लावून पाहावे. आणि टायरच्या भिंतीवर लंबगोलात कोरलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘२३१६’ असे लिहिले असेल, तर तो टायर २०१६च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे.